मालिकेतली बाई इतकं का सोसते?

संध्याकाळची भाकरी-भाजी झाली की निफाड असो, दिंडोरी असो नाहीतर पेठ, घरोघरी मालिकेच्या गाण्याचा आवाज सुरू होतो. म्हणून तर गटाची बैठक आपण त्याच्या आधी उरकतो. आज या मालिकांचा इतिहास पाहू. आणि गटात नेहमी निघणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तरही शोधू: मालिकेतली बाई इतकं का सोसते?

गोष्ट रोज थोडी थोडी ऐकणं आपल्याला नवं नाही. चातुर्मासात पोथी लागते, रोज एक अध्याय होतो, पुढचं उद्या. श्रावणातल्या कहाण्यांत आवडती राणी असते, नावडती असते. मालिकेतली चांगली सून आणि कारस्थानी जाऊ यांच्याच नात्यातल्या.

पण आजच्या मालिकेचा जन्म झाला रेडिओवर, अमेरिकेत. 1930 साली शिकागो शहरात अर्ना फिलिप्स नावाच्या बाईनं बायकांसाठी दुपारची रोजची श्रुतिका लिहायला घेतली. आधी ती शाळेत शिकवायची. ऐकणाऱ्या बायका धुणं-भांडी करता करता ऐकायच्या, म्हणून एकच गोष्ट दोन-तीनदा सांगायची, भांडण असो की प्रेम, सगळं बोलण्यातूनच कळवायचं, अशी पद्धत पडली. अशा श्रुतिकांना पैसे पुरवले साबण विकणाऱ्या कंपन्यांनी. त्यावरून त्यांना ‘सोप ऑपेरा’ म्हणू लागले. सोप म्हणजे साबण. आजही कांदा चिरताना पडद्याकडे न बघता आपल्याला मालिका कळते, त्याचं मूळ इथं आहे.

आपल्या देशात ही पद्धत रुजवण्यात नाशिकात जन्मलेल्या एका माणसाचा वाटा आहे. केंद्रीय मंत्री वसंत साठे मेक्सिकोला गेले होते. तिथं साक्षरतेवर एक मालिका झाली होती आणि ती पाहून लाखो मोठ्या माणसांनी शिक्षणाच्या वर्गात नावं घातली होती. असं आपल्याकडेही व्हावं, या विचारातून 7 जुलै 1984 ला दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. लेखक होते मनोहर श्याम जोशी, आणि भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. सुरुवातीला कुटुंब नियोजनाचा उपदेश फार झाला, लोक कंटाळले. मग उपदेश कमी केला, गोष्ट वाढवली, आणि मालिका 17 महिने चालली.

त्या मालिकेत भागवंती नावाची आई होती. नवरा दारुडा, सासू बोलणारी, ही गप्प. असं सोसू नका, हे कळावं म्हणून लेखकानं तिला तसं दाखवलं. पण नंतर अभ्यास करणाऱ्यांनी प्रेक्षकांना विचारलं, तेव्हा कितीतरी जणींना भागवंतीच आदर्श वाटत होती! दाखवणाऱ्याच्या मनात एक आणि बघणारीच्या मनात दुसरंच.

मराठीत पहिली रोजची मालिका म्हणून ‘दामिनी’चं नाव घेतात. दूरदर्शनवरची ही नायिका पत्रकार होती. 1999 ला अल्फा मराठी वाहिनी आली, आणि ‘आभाळमाया’तली प्राध्यापक सुधा घराघरात पोचली. मग ‘चार दिवस सासूचे’. 2001 पासून 2013 पर्यंत, 3,000 हून जास्त भाग!

इथं आपल्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. अर्ध्या तासात गोष्ट असते साधारण 22 मिनिटं, बाकी जाहिराती. वाहिनीची कमाई त्या जाहिरातींची. लोक बघतात तोवर मालिका चालवायची, म्हणजे गोष्ट संपू द्यायची नाही. मग दाराआड कोणीतरी अर्धवट ऐकतं, कोणाची तरी स्मृती जाते, एका थपडेवर तीन चेहरे तीन-तीनदा दिसतात, आणि आठवड्याचा शेवटचा भाग नेमका अडकवून ठेवतात. नायिकेनं पहिल्याच आठवड्यात खरं बोलून टाकलं, तर पुढं दाखवायचं काय? तिचं दुःख संपलं की मालिका संपते. म्हणून ती सोसते.

तरी नायिका बदलली, कारण बघणाऱ्या बायका बदलल्या. 2016 साली आलेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका मसाल्याच्या धंद्यावर उभी राहिली. ते काम करणाऱ्या अनिता दाते आपल्या नाशिकच्याच. ‘आई कुठे काय करते’ 2019 ते 2024 चालली. त्यातली अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्यापासून वेगळी झाली, स्वतःच्या पायावर उभी राहिली. भागवंतीपासून अरुंधतीपर्यंत यायला पस्तीस वर्षं लागली.

पण राधिकाचा मसाला बघता बघता कोट्यवधींची कंपनी होतो. मिरची काय भावानं घेतली, बँकेचं कर्ज किती बैठकांनी मिळालं, उधारी कोणाकडे अडकली, हे दिसत नाही. गटात मसाला, पापड करणाऱ्या तुम्हाला ते पाठ आहे. तसंच थप्पड मारणाऱ्या नवऱ्याला मालिकेत शंभर भाग माफी असते. खऱ्या घरात 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, 181 हा मदतीचा नंबर आहे. तिथं पुढच्या भागाची वाट बघायची नसते.

मालिका जरूर बघा. दिवसभर द्राक्षबागेत राबून आल्यावर तेवढा विसावा हक्काचा आहे. फक्त पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि प्रत्येकीला विचारा: ही बाई आपल्या गटात असती, तर आपण तिला काय सांगितलं असतं? बघा, किती भागांची गोष्ट एका बैठकीत मिटते ते.