रोल्स-रॉईस चिलखती मोटार

रोल्स-रॉईस चिलखती मोटार हे पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये विकसित झालेले चाकांचे लढाऊ वाहन होय. आयरिश गृहयुद्धात (१९२२-२३) वापरल्या गेलेल्या चिलखती वाहनांपैकी हे सर्वांत प्रसिद्ध आहे. ब्रिटिशकालीन भारतातही या मोटारी वापरात होत्या. त्यांपैकी एक महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयात पाहावयास मिळते.

रचना

‘सिल्व्हर घोस्ट’ या आलिशान मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे व फिरता मनोरा बसवून हे वाहन तयार करण्यात आले. पहिल्या गाड्या डिसेंबर १९१४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेला मिळाल्या. मनोऱ्यात पाण्याने थंड होणारी विकर्स मशीनगन असे. गाडीत ३ सैनिक बसत. तिचे वजन सुमारे ४.७ टन, तर कमाल वेग ताशी सुमारे ७२ किलोमीटर होता. सुमारे १२ मिलिमीटर जाडीचे चिलखत रायफलीच्या गोळ्या अडवू शकत असे, परंतु तोफगोळ्यांपुढे ते निरुपयोगी ठरे. पश्चिम आघाडीवर खंदकांचे युद्ध सुरू झाल्यावर तेथे या गाड्यांना वाव उरला नाही. इजिप्त व अरबस्तानच्या वाळवंटात मात्र त्या प्रभावी ठरल्या.

आयरिश गृहयुद्धातील वापर

डिसेंबर १९२१ च्या अँग्लो-आयरिश करारावरून आयरिश राष्ट्रवाद्यांत फूट पडली व जून १९२२ मध्ये गृहयुद्ध पेटले. ब्रिटनने करारसमर्थक मुक्त राज्य सरकारला १३ रोल्स-रॉईस मोटारी दिल्या. यांखेरीज पीअरलेस चिलखती मोटारी व लान्सिया बनावटीचे चिलखती ट्रकही त्या सैन्याकडे होते. शहरांतील रस्त्यांवरील लढाई आणि लष्करी ताफ्यांचे संरक्षण ही रोल्स-रॉईस मोटारींची मुख्य कामे होती. ऑगस्ट १९२२ मध्ये केरी व कॉर्क येथे समुद्रमार्गे सैन्य उतरवतानाही चिलखती मोटारी सोबत नेण्यात आल्या.

गनिमी हल्ल्यांपुढे या वाहनाच्या मर्यादाही उघड झाल्या. २२ ऑगस्ट १९२२ रोजी कॉर्क काउंटीतील बेल ना ब्ला येथे सरसेनापती मायकेल कॉलिन्स यांच्या ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला. ताफ्यात ‘स्लीव्हनामॉन’ नावाची रोल्स-रॉईस चिलखती मोटार होती. कॉलिन्स स्वतः उघड्या मोटारीतून प्रवास करीत होते. चकमकीत चिलखती मोटारीची मशीनगन अडकली. मोटारीतून उतरून लढणारे कॉलिन्स गोळी लागून मरण पावले. डिसेंबर १९२२ मध्ये याच गाडीचा तोफची जॉन मॅकपीक गाडीसह करारविरोधी पक्षाला जाऊन मिळाला. पुढे सरकारी सैन्याने ती परत मिळवली.

भारतातील वापर

महायुद्धानंतर भारतासाठी या मोटारीचा स्वतंत्र नमुना तयार करण्यात आला. त्याचा मनोरा घुमटाकार असून मशीनगन बसविण्यासाठी त्यात चार जागा होत्या. वायव्य सरहद्द प्रांतात रस्त्यांवरील गस्त व ताफ्यांचे संरक्षण यांसाठी चिलखती मोटारी वापरल्या जात, म्हणजे आयर्लंडमधील कामाशी हे काम मिळतेजुळते होते.

जतन

‘स्लीव्हनामॉन’ ही मोटार आयरिश सैन्याने २०११ मध्ये दुरुस्त करून पुन्हा चालती केली. ती किल्डेअर काउंटीतील लष्करी तळावर ठेवलेली आहे. अहिल्यानगर येथील संग्रहालय भारतीय सैन्याच्या चिलखती दल केंद्र व शाळेने १९९४ मध्ये स्थापन केले. तेथे रोल्स-रॉईस मोटारीसोबत मॅटिल्डा, व्हॅलेंटाईन, चर्चिल व विजयंता हे रणगाडेही मांडलेले असल्याने, प्रवासी मोटारीच्या सांगाड्यापासून रणगाड्यापर्यंतचा चिलखती वाहनांचा विकास एकाच ठिकाणी अभ्यासता येतो.