मुदत कोणाची, धावपळ कोणाची

प्रवेश अर्जाची मुदत टळली की दोष पालकांच्या निष्काळजीपणावर जातो. नाशिक जिल्ह्यातल्या वणीसारख्या गावापुरता तरी इतिहास वेगळे सांगतो. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. नाशिक जिल्हा 1949 पासून पुणे विद्यापीठाकडे आला. त्या काळी अडचण होती ती अंतराची आणि पैशाची. कागदांची अडचण पुढे वाढली. राखीव जागेसाठी 2001 च्या जात प्रमाणपत्र कायद्याने जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली. पडताळणी समितीकडे वेळेत जाणेही त्याच्याच माथी आले. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते आणि प्रवेश उन्हाळ्यानंतर सुरू होतात. म्हणजे ऐन हंगामात वणीच्या शेतकरी बापाला दिंडोरीच्या तहसीलचा रस्ता धरावा लागतो. जातीचा पुरावा म्हणून आजोबांच्या शाळेचा दाखला सापडला नाही, तर खेटे वाढतात ते वेगळेच.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, आता सगळे ऑनलाइन आहे. पण अर्ज ऑनलाइन झाला तरी पुरावा जुन्या दप्तरातच शोधावा लागतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: मुदत सैल केली तर वेळ पाळणाऱ्यांवर अन्याय होईल. मात्र अर्जाची मुदत आणि कागदाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कडक असावी. दुसरी, पडताळणीची पोच पाहून, लांबवता येते. शासनाने अशी सवलत वेळोवेळी दिलीही आहे, पण बहुधा ऐनवेळी. ती आधीच नियमात असली, तर उशिराचा भार उशीर करणाऱ्या कचेरीवर राहील.