शेरेबुकातली शाळा

आपल्या बेळगाव भागातील जुन्या घराण्यांत एखादे तरी आजोबा ‘ट्रेंड मास्तर’ होते, आणि त्यांच्या आठवणींत ‘दिपोटीसाहेब’ हटकून भेटतात. मास्तरांना आधी घडवावे व मग त्यांची शाळा तपासावी, या सरकारी रीतीचा उगम थोडा पाहण्यासारखा आहे.

मुंबईस 1845 मध्ये शिक्षक तयार करणारा नॉर्मल क्लास निघाला. त्याचे संचालक बाळशास्त्री जांभेकर. शाळा तपासण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. 1846 मध्ये त्यांचे निधन झाले व हा भार दादोबा पांडुरंगांकडे आला. म्हणजे प्रारंभी घडविणारा आणि तपासणारा एकच होता. शाळेत उणीव दिसली, तर तिचा उपाय त्याच्याच हाती असे. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर स्वतंत्र शिक्षणखाते आले आणि ही कामे विभागली गेली. पुढे खासगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरू लागले व तपासणीला धाक चिकटला.

1882 मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा फुले यांनी या व्यवस्थेवर नेमके बोट ठेवले. डेप्युटींच्या वर्षातून एका भेटीने फारसे साधत नाही. तपासणी निदान तिमाही व्हावी आणि अधूनमधून पूर्वसूचनेशिवायही व्हावी, असे त्यांनी सुचविले. त्याच निवेदनात मास्तर प्रशिक्षित असावा व त्यास किमान 12 रुपये वेतन मिळावे, हीही मागणी होती. अर्धपोटी मास्तराची नुसती झडती घेऊन शाळा सुधारत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

माझ्या बालपणीही तपासणीच्या आदल्या दिवशी वर्ग सारवले जात आणि गैरहजर मुलांना घरून बोलावून आणीत. साहेब गेल्यावर उरे ते शेरेबुक.

नोकरीत असताना निकाली काढावयाच्या दप्तराची एक यादी माझ्यापुढे आली. तीत बंद पडलेल्या एका मराठी शाळेची शेरेबुके होती. एक चाळली: वाचन बरे, हिशेब कच्चे, विहिरीस कठडा हवा. मुदत संपलेली होती. मी सही केली. पुढे त्या गावचे एक गृहस्थ आपल्या मास्तर आजोबांची माहिती विचारीत आले. नियमात माझी चूक नव्हती, परंतु त्यांना देण्यासारखे माझ्याजवळ काहीच उरले नव्हते.

आपल्यापैकी कोणाच्या ट्रंकेत ट्रेनिंगचा दाखला वा जुने शेरेबुक असेल, तर ते रद्दीत घालू नये. आपल्या मराठी शाळांचा इतिहास अशाच कागदांवर उभा राहणार आहे.