धूर सुटला, निकोटिन उरले

कुंभकोणमचे नाव निघाले की महामहम तलावाबरोबर कावेरीकाठचे कोवळे विड्याचे पानही आठवते. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातील या नगरीचा विडा प्राचीन. तंबाखू मात्र पोर्तुगीजांमागून आलेली पाहुणी. ती विड्यात शिरली आणि घरधनीणच होऊन बसली.

पाहुण्याला घरात घेणे सोपे, निरोप देणे अवघड. २००३ साली होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने विजेवर चालणारी सिगारेट घडविली. तीत तंबाखू जळत नाही. निकोटिनयुक्त द्रवाची वाफ ओढावयाची असते. तिने धूम्रपान सुटते काय? इंग्लंडात ८८६ जणांवर केलेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेर वाफेच्या गटातील १८ टक्के लोक धूम्रपानातून सुटले होते. निकोटिनच्या पट्ट्या, च्युइंगगम इत्यादी वापरणाऱ्यांतील ९.९ टक्के. वाफेची सरशी खरीच. परंतु तिच्यामुळे सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही वाफ ओढीतच होते; दुसऱ्या गटात अशी सवय अवघ्या ९ टक्क्यांना उरली होती.

भारताने त्याच वर्षी या सिगारेटची निर्मिती, आयात व विक्री बंद केली. तमिळनाडूने तर २०१८ सालीच. कुंभकोणमच्या धूम्रपान्याला उरलेल्या उपायांपैकी एक म्हणजे निकोटिनचे च्युइंगगम. ते थोडे चावून गालात धरून ठेवावयाचे. विडा खाणाऱ्याला ही रीत कोणी शिकवावयास नको! फरक इतकाच की, या च्युइंगगमची संख्या साधारणतः बारा आठवड्यांत उतरवीत शून्यावर आणावयाची असते.