ट्रायची गोष्ट : पंच आला, शिट्टी उशिरा मिळाली

कॉलिंग कार्ड खरवडून तो लांबलचक पिन नंबर दाबणारे आपल्यात अजून बरेच जण आहेत. तेव्हा भारतात जाणारा अधिकृत कॉल विदेश संचार निगम या एकाच सरकारी कंपनीच्या दारातून आत जायचा. ही मक्तेदारी ३१ मार्च २००२ ला संपली, ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी.

देशातलं चित्र आणखी मजेशीर होतं. १९९४ च्या धोरणानं खासगी कंपन्यांना वाट मोकळी केली. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. पण परवाने देणारं दूरसंचार खातं आणि फोन विकणारंही तेच! मुंबई-दिल्लीत एमटीएनएल, तीही सरकारचीच. खेळाडूच पंच झाल्यावर तक्रार कुणाकडे करायची? म्हणून १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, जन्माला आलं.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. पंच नेमला, पण शिट्टी अर्धीच दिली. परवान्यांबाबत ट्राय सरकारला अडवू शकतं का, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि ट्राय हरलं. फोन करणाऱ्यानंच पैसे भरावेत, हा ट्रायचा नियमही तिथे टिकला नाही. त्यामुळे इनकमिंग फुकट व्हायला २००३ उजाडलं. तोवर आईचा फोन आला की तोही आपल्याच बिलात! २००० मध्ये कायदा बदलला, तंट्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण आलं आणि पहिल्या प्राधिकरणाला मुदतीआधीच घरी जावं लागलं.

आता आपल्या खिशाचा मुद्दा. परदेशातून आलेला कॉल घरच्या फोनपर्यंत पोचवण्याबद्दल भारतीय कंपनीला मिनिटामागे काही पैसे मिळतात. ट्रायनं २०१८ मध्ये हा दर ५३ पैशांवरून ३० वर आणला. तो चढा असला की बेकायदा चोरवाटा फोफावतात. मग २०२० मध्ये ३५ ते ६५ पैशांची मर्यादा आखून दिली. पण तोवर आपण सगळे व्हॉट्सॲपवर गेलो होतो, जिथे हा दर लागूच होत नाही. दुबईतल्या मंडळींना मात्र तिथल्या नियामकामुळे व्हॉट्सॲप कॉलही लागत नाही. तंत्र एकच, पंच वेगळा.

आणि हल्ली भामट्यांनी ट्रायचंच नाव उचललंय. 'ट्रायमधून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होईल' असा फोन येतो, पुढे व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस. नंबर बंद करण्यासाठी ट्राय ग्राहकांना फोन करत नाही, हे ट्रायनंच जाहीर केलंय. येत्या रविवारी आईबाबांशी बोलाल, तेव्हा हे एवढं त्यांच्या कानावर घाला.