बारदानाचे वजन

मोहगावातील आमच्या जुन्या घरांची वडीलधारी मंडळी धान्याच्या व्यवहारात एक गोष्ट कटाक्षाने पाहत : बारदानाचे वजन वजा झाले की नाही. शासकीय सेवेच्या उमेदवारीत आम्ही मात्र नेमका हाच धडा विसरलो. पीक-कापणी प्रयोगात पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद तुकड्यांतील धान्य तोलले गेले, बारदान वजा करायचे राहिले आणि तक्त्याखाली सही आमची होती. चूक प्रत्येक तुकड्यात सारखीच शिरल्याने आकडे परस्परांशी सुरेख जुळत होते. कुणालाच शंका आली नाही. कागदावर उत्पन्न फुगले, आनेवारी चढली आणि ज्यांना सवलत मिळायला हवी होती ते शेतकरी तिला मुकले. जुळणारे आकडे खरे असतातच असे नाही, हे आम्हांला त्या वर्षी कळले.

ही आठवण निघण्यास कारण घडले ते आमच्या नात्यातील एका मुलीचे शिक्षण. औषधसंशोधनासाठी प्रथिने मोजण्याचे प्रात्यक्षिक ती शिकत आहे. आरंभी तिला पिपेटने पाणी घेऊन तेच पुन्हा पुन्हा तोलायला लावले, हे ऐकून घरातील मंडळी हसली. आम्हांला मात्र हसू आले नाही.

मोजमापाची ही शिस्त आपल्या लोकांना नवी नाही. बंगालमध्ये महालनोबिस काम करीत होते त्याच काळात, 1940 च्या दशकात, पांडुरंग वासुदेव सुखात्मे व विनायक गोविंद पानसे यांनी पीक-कापणीला नमुना-निवडीचा शास्त्रीय पाया दिला. पानसे यांची उमेदवारी इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, म्हणजे आपल्याच माळव्यात, झाली. कृषी-कार्यकर्त्यांसाठी या दोघांनी लिहिलेला संख्याशास्त्रावरील ग्रंथ 1954 साली निघाला आणि पुढच्या पिढ्या त्यावर घडल्या.

रेणू तोलणाऱ्या यंत्राचा, मास स्पेक्ट्रोमीटरचा, इतिहास याहून जुना आहे. या यंत्राने मूलद्रव्यांचे समस्थानिक वेगळे दाखविल्याबद्दल अ‍ॅस्टन यांना 1922 चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु प्रथिनांसारखे मोठे व नाजूक रेणू न मोडता यंत्रात पाठविणे दीर्घकाळ जमले नाही. 1980 च्या दशकात जॉन फेन आणि कोइची तानाका यांनी निरनिराळ्या वाटांनी ते साधले. 2002 च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. तानाका हे डॉक्टरेट नसलेले, एका कारखान्यातील पदवीधर अभियंता. कोबाल्टच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन पडले, तेव्हा ते मिश्रण फेकून न देता त्यांनी तपासून पाहिले आणि त्यातूनच त्यांना वाट सापडली.

भारतात प्रोटिओमिक्स सोसायटीची स्थापना 2009 साली झाली. 2014 मध्ये अखिलेश पांडे यांच्या नेतृत्वाखाली, बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्सच्या मोठ्या सहभागाने, मानवी प्रथिनांचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात 17,294 जनुकांच्या प्रथिनांची नोंद होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत महेश कुलकर्णी यांच्या गटाने मधुमेहात साखर चिकटलेल्या प्रथिनांचा अभ्यास केला. मुंबईच्या आय.आय.टी.त संजीव श्रीवास्तव यांच्या गटाने विद्यार्थ्यांसाठी संगणकावरील आभासी प्रयोगशाळा उभारली. कोविडच्या साथीत याच गटाने रुग्णांच्या रक्तद्रवातील प्रथिने मोजून आजाराच्या तीव्रतेच्या खुणा शोधल्या आणि जुनी औषधे नव्याने कामी येतील काय, याचाही विचार 2021 च्या निबंधात मांडला.

आभासी प्रयोगशाळेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. जिथे यंत्र पोहोचत नाही तिथे ती पोहोचते. पण पडद्यावर हात थरथरत नाही. नमुन्यातील प्रथिने काढून ट्रिप्सिनने त्यांचे तुकडे करताना शिकणाऱ्याच्या त्वचेचे वा केसांचे केराटिन त्यात पडते, आणि यंत्र तेही इमानाने मोजते.

मुख्य अडचण पुढेच आहे. प्रत्येक तुकडा यंत्रात सारखा उमटत नाही, म्हणून उमटलेल्या खुणेची उंची म्हणजे प्रमाण नव्हे. यासाठी त्याच तुकड्याचे जड कार्बन व नायट्रोजन घालून बनविलेले जुळे भावंड ठरावीक मात्रेत मिसळतात. दोघे बरोबरच वाटचाल करतात, केवळ वस्तुमानात वेगळे दिसतात. त्यांच्या गुणोत्तरावरून मूळ प्रमाण निघते. मात्र हे भावंड तुकडे झाल्यानंतर मिसळले, आणि मूळ प्रथिन पुरते तुटलेच नसेल, तर ती तूट गुणोत्तरात दिसत नाही. दर वेळी ती सारखीच राहिली तर आकडे सुरेख जुळतात, आणि तरीही चुकलेले असतात. आमच्या बारदानाचीच ही गोष्ट.

येथे मात्र पणाला आनेवारी नाही. यकृतात औषध पचविणारे विकर किती आहे, या आकड्याचा मात्रा ठरविताना आधार घेतला जातो. विकर कमी असलेल्या माणसाच्या शरीरात औषध साचू शकते. जास्त असलेल्याला ते पुरत नाही.

आमच्या चुकीने ज्यांची सवलत बुडाली त्यांची नावे त्या तक्त्यात नव्हती. तिथे केवळ गट-क्रमांक होते. प्रयोगशाळेतील नळ्यांवरही क्रमांकच असतात. मुलगी सुट्टीत मोहगावला आली तेव्हा आम्ही तिला ही जुनी हकीकत प्रथमच सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, मग तुम्ही तो तक्ता दुरुस्त केलात का?" चूक ध्यानात आली तेव्हा मुदत टळून गेली होती, एवढेच आम्ही म्हणालो. ते उत्तर पुरेसे नव्हते, हे तिलाही कळले आणि आम्हांलाही.