भरतीचे प्रशिक्षण आणि बाळाच्या जन्माची रजा

नवीन जालन्यात पहाटे मैदानावर धावणाऱ्या आपल्या मुलांना भरतीचे निकष तोंडपाठ असतात, रजेचे नियम मात्र माहीत नसतात.

अग्निवीर : २०२२ च्या या योजनेत अविवाहितांचीच भरती होते. वर्षाला ३० दिवस रजा आणि वैद्यकीय सल्ल्यानुसार आजारपणाची रजा मिळते.

केंद्रीय दले : सीआरपीएफ, बीएसएफमध्ये विवाहितांनाही भरती होता येते. तेथे केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ लागू आहेत. नियम ४३-अ नुसार दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. यात शिकाऊ कर्मचारीही येतो. प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत ती घेता येते. नंतर ती बुडते. ती इतर रजेतून वजा होत नाही आणि सहसा नाकारता येत नाही.

काय करावे : रुजू होतानाच लेखी अर्ज द्या, प्रसूतीच्या अंदाजित तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडा, पोच घ्या. प्रशिक्षण मध्येच सोडणे अवघड असेल, तर सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. बाळंतिणीची काळजी ही केवळ तिच्या माहेरची जबाबदारी नाही.